भरलेली गाडी

डॉक्टरांनी संस्कृतीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी हळूहळू बसली.

"अंगातलं पाणी आटलंय. बारामती गाठा. लगेच सलाईन लावावं लागंल."

माझं आठ महिन्यांचं लेकरू सकाळपासून ओकून ओकून ओढणीएवढं हलकं झालं होतं. शेळगाव फाट्यावर वडापची जीप उभी दिसली. आत नऊ डोकी, एकच जागा रिकामी. देव पावला म्हणून चढले.

मागून भाजीवाली भागूबाई आली, तसा एकजण मुकाट उतरला. आणखी एक बाई आली, दुसरा उतरला. तेव्हा कळलं. हे प्रवासी नव्हतेच. मागं नंबरला लागलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर होते. गाडी भरल्यासारखी दिसली की माणसं चढतात, म्हणून बसलेले. असे अजून सात.

"बादशाहभाई, निघा ना," मी जीपच्या ड्रायव्हरला म्हणाले.

"ताई, भरल्याबिगर सोडायची न्हाय, असं ठरलंय आमचं. न्हायतर रोज डोकी फुटतील."

"मग मागची गाडी द्या."

"तिचा नंबर कुठं आलाय?"

त्या बसलेल्या ड्रायव्हरांतला, माझ्या शेजारचा रणजित पाय खाली टाकू लागला. मी त्याचा शर्टच धरला. "उतरू नका. कुणीच उतरू नका. पाया पडते."

भागूबाई कडाडली, "मेल्यांनो, मघापासनं बुजगावण्यागत बसलाय न्हवं? मग बसा आता बारामतीपातुर! भरली गाडी. काढ रं बादशाह!"

"माझा नंबर जाईल की, आज्जे," रणजित म्हणाला. मग त्यानं संस्कृतीकडं पाहिलं. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. तो परत टेकला. "काढ."

पदर भिजवून मी तिच्या ओठांना लावत राहिले. गिळ गं बाळा, एवढं गिळ.

पुढच्या एका फाट्यावर खांद्यावर पोर टाकून एक बाई गाडीमागं पळाली. हात वर. पोराची मान पळण्याबरोबर हलत होती. बादशाहनं वेग कमी केला.

"मी उतरतो हितं," रणजित म्हणाला. "तिला घ्या."

एवढंसंच थांबायचं होतं. संस्कृतीनं तेवढ्यात डोळे वर फिरवले.

"थांबू नका," मी ओरडले.

बादशाहनं गाडी पळवली.

आता तिच्या इवल्या हाताला सलाईन आहे. मघाशी तिनं माझं बोट चोखलं. चार वाजलेत. वॉर्डाचं दार वाजलं की मी उठून बघते.

ती बाई अजून आलेली नाही.