आखूड बाह्यांचा कोट

“आणि घरी तिचं काय चाललंय?” शिवणवालीने दाताने दोरा तोडत विचारलं.

“कुणाचं?”

“कप्तानाच्या बायकोचं. पहिल्याच पानावर धक्क्यावर रडत उभी होती ती.”

नवऱ्याने पान उलटलं. “येईल गं पुढे. इथे जहाज बर्फात अडकलंय आणि तुला बायकोचं पडलंय.”

ती जुनी विलायती साहसकादंबरी त्याने वाचनालयातून आणली होती. रोज संध्याकाळी तो ती मोठ्याने वाचायचा आणि ती शर्टांना काजं करत ऐकायची. त्याचा आवाज भारदस्त होता. उभा जन्म त्याने बोटीच्या इंजिनाला तेल घालण्यात काढला होता, वादळंसुद्धा खाली इंजिनाच्या खोलीतूनच ऐकली होती. पण गल्लीने त्याला कप्तान करून टाकलं होतं आणि त्यानेही कधी नको म्हटलं नव्हतं. वाचताना तर पुस्तकातल्या कप्तानाला बाजूला सारून तो स्वतःच त्याच्या जागी बसायचा.

बायको काही पुढे आली नाही. जहाज फुटलं, खलाशांनी बंड केलं, कप्तानाची दोन बोटं थंडीने गळून पडली, तरी तिच्याबद्दल हूं की चूं नाही. पुस्तक संपत आलं तेव्हा कुठे घर आलं, तेही कप्तानाच्या आईसाठी. बर्फावर मरायला टेकलेला कप्तान आईला हाक मारतो आणि त्याच घटकेला इकडे त्याची आंधळी आई अंथरुणात उठून बसते, ‘आला माझा मुलगा’ म्हणते आणि समाधानाने डोळे मिटते. नवऱ्याने पुस्तक मांडीवर ठेवलं.

“आपल्या आईसारखं,” तो म्हणाला. “अगदी तस्सं.”

शिवणवालीच्या बोटात सुई घुसली. शेवटच्या पानावर कप्तान परत आला, बायकोने दार उघडलं आणि पुस्तक संपलं.

“एवढ्या जाड पुस्तकात तिला एक दार उघडायला ठेवलंय,” ती म्हणाली. “नोकर ठेवला असता तरी भागलं असतं.”

तो मनापासून हसला. त्याला ती थट्टा वाटली.

रविवारी वाचनालयात वाचकांची बैठक असायची. तिथला रिवाज असा, की पुस्तक वाचणाऱ्याने उभं राहून त्यावर बोलायचं आणि ऐकणाऱ्यांनी प्रत्येकी एकच प्रश्न विचारायचा. नवऱ्याने त्यासाठी बोटीवरचा जुना कोट काढला. जाड लोकरीचा, पितळी बटणांचा. बाह्या मनगटाच्या पार वर.

“गरम पाण्यात बुचकळून वाट लावलीस याची,” तो म्हणाला. कोट घालताना तो दरवेळी हेच म्हणायचा आणि ती दरवेळी ऐकून घ्यायची.

बैठकीत तो छान बोलला. बर्फ, बंड, उपासमार, सगळं त्याने असं रंगवलं की जणू हा तिथे दोरखंड धरून उभाच होता. शेवटी त्याने आवाज खाली आणला. “पुस्तकातली ती आई खोटी नाही, मंडळी. माझी आई गेली तेव्हा मी कुठल्या कुठे भर समुद्रात होतो. तिचीही दृष्टी गेलेली. पण शेवटचे दिवस ती माझ्याशी बोलत होती, माझं नाव घेऊन. शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून ऐकलंय. समाधानाने गेली. आईची माया समुद्र ओलांडते, ती अशी.”

दोन-तीन बायकांनी डोळे टिपले. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, “कुणाचा काही प्रश्न?”

शिवणवाली उठली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“त्या दिवसांत आईंनी हात कुणाचा धरला होता?”

नवरा ओशाळं हसला. “असं काय विचारतेस? कुणाचा नाही. भास होता तो.”

“भास नव्हता. मी होते. तुम्ही घरी ठेवून गेलेला हाच कोट घालून बसले होते.”

तिने त्याच्या अंगातल्या कोटाकडे बोट दाखवलं.

“दिवसरात्र तुमच्या नावाने हाका चालल्या होत्या. त्यांच्या डोळ्याला डोळा नाही, माझ्याही नाही. शेवटी मी हा कोट अंगात घातला, आवाज जाड केला आणि म्हटलं, आलो गं आई. त्यांनी बटणं चाचपली, मनगट धरलं. म्हणाल्या, किती बारीक झालास रे. मग रोजच यावं लागलं मला. रोज माझ्या तक्रारी माझ्याजवळ. बायको आळशी आहे तुझी, मला उपाशी ठेवते. आणि मी तुमच्या आवाजात सांगायचे, बरं आई, घेतो तिची हजेरी. मग कोट काढायचा आणि त्यांचं अंथरूण धुवायला सून होऊन परत यायचं.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“कधी बोलली नाहीस,” नवरा म्हणाला.

“तुम्ही कधी विचारलंत? शेजाऱ्यांनी सांगितलं तेवढ्यावर तुमचं समाधान झालं. मीही म्हटलं, असू दे, तुमच्या जिवाला बरं वाटतंय ना. पण आज चार लोकांत उभं राहून तुम्ही ते समुद्राच्या नावावर खपवताय. ते मी केलंय. माझं आहे ते.”

मागच्या रांगेतले निवृत्त मास्तर खाकरले. “बाई, एकच प्रश्न विचारायचा असतो.”

“एकच विचारलाय,” ती म्हणाली. “हे उत्तर होतं. यांना येत नव्हतं.”

ती एकटीच घरी आली आणि शर्ट घेऊन बसली. राग जरासुद्धा उतरला नव्हता. बऱ्याच वेळाने दार वाजलं. हातातलं काज अर्ध्यावर होतं. ते तिने पुरं केलं, गाठ मारली आणि मग उठून कडी काढली.

कोट त्याच्या हातावर होता, एक बाही उलटी केलेली. तो दिव्याखाली जाऊन ती निरखू लागला. आत बारीक, एकसारखे टाके होते आणि दुमडलेलं कापड सगळंच्या सगळं शाबूत होतं.

“कापलं नाहीस?”

“कशाला कापू? तुम्ही परत येणार होतात.”

“मग नंतर उसवलं का नाहीस?”

“बाह्या आखूड कशा झाल्या, ते तुम्ही विचाराल म्हणून. तुम्ही दरवेळी ठरवूनच मोकळे.”

मग कोट मांडीवर घेऊन तो तिच्यासमोर बसला. “आई अजून काय म्हणायची?” त्याने विचारलं.

“सांगते. पण मधे बोलायचं नाही,” ती म्हणाली.

तिने पुढचा शर्ट ओढला आणि तो बोटीवर गेला त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. सासूबाईंचं बोलणं आलं, कोट घालून दिलेली उत्तरं आली. आवाज मात्र तिने एकदाही जाड केला नाही.