अठरा जणींचा जोंधळा

हौसेराव वाशीच्या धान्य बाजारात पोती वाहायचा. जेवताना बाजाराचं तो काही बोलत नसे. दिवसभर पाठीवर घेतलेलं घरी परत कशाला उतरवायचं, असं म्हणायचा. पण त्या दिवशी शाळू फार चांगला आला होता आणि हौसेराव मूळचा कोरेगाव तालुक्यातला, जोंधळ्यावर वाढलेला. त्याला राहवलं नाही.

"मोत्यावानी दाणा व्हता, विजू. हातात घेतला तर सोडू वाटंना."

"काय भावानं गेला?" विजयमालानं सहज विचारलं.

त्यानं भाव सांगितला आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. सकाळीच तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच किलो जोंधळा आणला होता. बारीक दाण्याचा, थोडा काळवंडलेला. त्याला बाजारभावाच्या जवळजवळ दीडपट भाव पडला होता, आणि तेही उधारीवर.

"म्हंजे पोतं तुमी वाहायचं, आन त्यातलंच आमी दीडपटीनं घ्यायचं?"

"किरकोळीचा भाव न्यारा असतो."

"मग आपन किरकोळीनं घ्यायचंच कशाला?"

"भाकरी करपली," हौसेराव म्हणाला, आणि विषय तिथंच थांबला. त्याच्यापुरता.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या गणपतीनंतरची. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांच्या बैठ्या घरांची रांग होती. बहुतेक घरं सातारा-कराडकडची. पगार वाईट नव्हते, पण महिना संपता संपता सगळ्यांचीच ओढाताण व्हायची. बायकांची एक भिशी होती. दर महिन्याला सतरा जणी पैसे जमवायच्या, चिठ्ठी निघेल तिनं ते उचलायचे. कुणी त्यातून मिक्सर घ्यायची, कुणी साडी, कुणी दुकानाची थकबाकी फेडायची आणि दुसऱ्या दिवसापासून नवी थकबाकी सुरू करायची.

पुढच्या भिशीला विजयमालानं बोलून टाकलं. "दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत भिशी कुनीच उचलायची न्हाई. पैसं पोस्टात ठिवू, तिघींच्या नावानं. नवा माल आला की वर्साचा जोंधळा, गहू, तांदूळ एकदम बाजारातनं उचलायचा. आपली आई, सासू भरत न्हवती का वर्साचं?"

"त्यांचं घरचं शेत होतं," म्हाताऱ्या दुर्गाबाई म्हणाल्या.

"आपला घरचा बाजार हाय. घरची मानसं तिथंच राबत्यात."

बायका हसल्या, पण मंजुषा हसली नाही. ती विजयमालाची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिचा नवरा कळंबोलीहून ट्रक घेऊन जायचा. पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा, आणि पैसेही कधी यायचे, कधी नाही. कार्तिकात चिठ्ठी आपल्या नावाची निघेल, शिलाई मशीन घेऊ, या आशेवर ती वर्षभर होती.

"माझं मशीन?" तिनं विचारलं.

विजयमाला तिच्याजवळ सरकून बसली. मग ती म्हणाली, "मंजू, मशीन भिशीतनं घेशील ते एकदाच. दुकानात जादा जातंय ते दर म्हैन्याला जातंय. ते थांबलं तर मशीन तुझं तूच घेशील. पर तुला नको वाटलं तर न्हाई म्हन. म्या राग धरनार न्हाई."

मंजुषा दोन दिवस विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "ठेव माझे पण."

हौसेरावला हे कळलं तेव्हा तो खरोखर चिडला. "मापाडी, दलाल, सगळी वळखत्यात मला. हमालाची बायको गाळ्यावर घासाघीस करायला आली म्हनत्याल. त्यापरीस मी आनतो की एक पोतं."

"एक पोतं आपल्या घराला. बाकीच्या सोळा जणींनी काय करायचं?"

"त्यांचं त्या बघतील."

"मी त्यांच्यातलीच हाय," विजयमाला म्हणाली, आणि कणीक मळायला बसली.

पैसे जमत गेले. अडचण होती ती जागेची. दहा बाय बाराच्या खोलीत माणसं मावत नव्हती, तिथं पोती कुठं ठेवणार? ती सोडवली मालतीबाईंनी. मालतीबाई इथल्याच, कोपरखैरणे गावातल्या. सकाळी मासळीची पाटी घेऊन त्या रांगेत यायच्या. पूर्वी त्यांची खाडीकाठाला भातशेती होती, ती शहर वसवताना गेली. भात साठवायची मोठी खोली तेवढी राहिली होती.

"शेतां गेली, कनगे रिकामे परले," मालतीबाई म्हणाल्या. "उंदीर पन येत नाय आता. आना तुमचा जोंधला. खोलीचा भारा नको मना. पन माज्यासाठी दोन पोती तांदूल त्याच भावात घ्या. आन मना पन भिशीत घ्या."

अशा त्या अठरा झाल्या. मालतीबाईंचा मुलगा केतन याचा टेम्पो होता. डिझेलच्या पैशात माल आणून देईन, असं त्यानंही कबूल केलं.

पाडव्यानंतरच्या सोमवारी विजयमाला, मंजुषा आणि दुर्गाबाई धान्य बाजारात गेल्या. गेटातून आत शिरल्या तर एका रखवालदारानं हटकलं. बाजारात सांडलेलं धान्य झाडून नेणाऱ्या बायका असतात, त्यातल्याच या, असं त्याला वाटलं. "ए मावशी, झाडूवाल्यांनी दुपारी यायचं."

"झाडायला न्हाई, घ्यायला आलोय," विजयमाला म्हणाली. "पंचवीस पोती जोंधळा."

रखवालदार बाजूला झाला. पहिल्या गाळ्यावर मात्र त्यांना कुणी बसासुद्धा म्हटलं नाही. दुसऱ्यावर दिवाणजीनं वर न बघता भाव सांगितला, तोही किरकोळीचाच. तिसरा गाळा उदयसिंह शेठचा होता. शेठ फलटणचा. बायकांची बोली ऐकून त्यानं खुर्च्या मागवल्या, चहा मागवला. "आपल्याकडच्या तुम्ही. घरचाच बाजार समजा." नमुना म्हणून त्यानं ओंजळभर शाळू पुढं केला. पांढराशुभ्र, टपोरा. दुर्गाबाईंनी दाणा दाताखाली फोडला आणि मान हलवली. भाव ठरला, पैसे दिले, पावती घेतली. केतनच्या टेम्पोत माल चढताना विजयमालानं वरची दोन-तीन पोती उसवून पाहिली. नमुन्यासारखीच होती. हौसेरावनं त्या दिवशी मुद्दाम बाजाराच्या दुसऱ्या टोकाला काम घेतलं होतं.

मालतीबाईंच्या अंगणात अठरा जणी जमल्या. नारळ फुटला. मालतीबाई म्हणाल्या, कनग्यात घालायच्या आधी एक ऊन द्या. ताडपत्र्या अंथरल्या, पोती सोडली. पहिलं पांढरं, दुसरं पांढरं. चौथं पोतं ओतलं आणि हसणं थांबलं. दाणा पिवळट, हलका, आणि त्यातून भुंगे चालत बाहेर येत होते. पाचवं तसंच. सहावंही. पंचवीसपैकी फक्त सात पोती नवी निघाली. बाकीचा सगळा जुना, किडका माल.

मंजुषा ताडपत्रीच्या कडेला खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हटलं नव्हतं का, हे बायकांचं काम नाही."

सहा महिने अठरा घरांनी हात आखडून जमवलेला पैसा विजयमालाच्या शब्दावर गेला होता. तिनं किडक्या दाण्याची मूठ भरली, सोडली, परत भरली.

"रडतस कनाला गो?" मालतीबाई मंजुषाला म्हणाल्या. "मासली खराब लागली तर आमचा गिऱ्हाईक पाटी उलटी करतो बाजारात. सगल्यांसमोर. मग आमी बदलून देताव. लाज कोनाला हाय? विकनाऱ्याला."

विजयमालानं मान वर केली. "केतन, टेम्पो काढ. किडकी सगळी पोती परत भरा. उद्या सकाळी आपन सगळ्या जायचं. अठराच्या अठरा."

घरी तिनं हौसेरावला सगळं सांगितलं. 'सांगत होतो' असं तो म्हणाला नाही. एवढंच विचारलं, "किती वाजता येनार?"

"गर्दीच्या टायमाला."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला, बाजार भरात असताना टेम्पो उदयसिंह शेठच्या गाळ्यासमोर उभा राहिला. नगर, नाशिक, गुजरातचे ट्रक उभे होते. खरेदीदार हातात नमुने घेऊन फिरत होते. अठरा बायका उतरल्या. विजयमाला आणि मालतीबाईंनी मिळून एक पोतं ओढत पायरीपर्यंत आणलं, दोरा उसवला आणि शेठच्या गाळ्याच्या तोंडाशी ओतलं. त्याच्या शेजारी नमुन्याचा पांढरा शाळू ठेवला, स्टीलच्या ताटात.

"बघा भाऊ," विजयमाला समोरून जाणाऱ्या खरेदीदाराला म्हणाली, "हे दाखवलं, आन हे दिलं."

माणूस थांबला. मग दुसरा थांबला. मग दहा-बारा. भुंगे फरशीवर पसरायला लागले.

शेठ लगबगीनं बाहेर आला. "ताई, हे काय? दिवाणजीची चूक झाली असेल. आत या, चहा घेऊ. आपली माणसं तुम्ही."

"आपली म्हनूनच तुमच्याकडं आलो व्हतो."

"बरं, भावात कमी करतो. निम्म्यानं घ्या. आणखी काय पाहिजे?"

मंजुषानं विजयमालाचा दंड धरला. "घेऊ या गं. निम्मे पैसे तरी परत येतील."

"किडका जोंधळा स्वस्तात खायला आपन भिशी थांबवली न्हाई, मंजू." आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "शेठ, पैसं नकोत. अठरा पोती बदलून द्या. नमुन्यातला माल. तवर आमी हितंच बसतो." आणि सगळ्या जणी पायरीवर बसल्या. दुर्गाबाईंनी तर पानाची चंची काढली.

शेठचा आवाज बदलला. "हमाल! उचला रे हे सगळं. रस्ता मोकळा करा."

गर्दीतून हौसेराव पुढं आला. पोती ओढायची खांद्यावरची आकडी त्यानं काढली आणि जमिनीवर ठेवली. "उचलतो की शेठ. पर आदी नमुन्यातला माल बाहेर काढा. त्ये पांढरं उचलतो." त्याच्या मागं हमालांच्या टोळीतल्या आणखी चौघांनी आपापल्या आकड्या खाली ठेवल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी ओरडलं नाही. नुसते उभे राहिले. तेवढ्यात एका नाशिकच्या खरेदीदारानं शेठकडून घेतलेली नमुन्याची पुडी पिशवीतून काढून परत गाळ्यावर ठेवली, आणि ते शेठनं पाहिलं.

अर्ध्या तासात अठरा पोती गाळ्याच्या आतल्या थप्पीतून निघाली. या वेळी प्रत्येक पोतं विजयमालानं स्वतः उसवून पाहिलं, मंजुषानं परत शिवलं. एवढ्या झपाट्यानं आणि सरळ टाके घालणारी बाई बघून शेजारच्या गाळेवाल्यानं तिला विचारलं, पोती शिवायचं काम घरी नेशील का म्हणून. ती नको म्हणाली नाही.

पोती टेम्पोत चढवली ती हौसेरावनं. एकट्यानं, अठराही. टोळीतले हात लावायला आले तर त्यानं लावू दिला नाही. एका मापाड्यानं विचारलं, "हौसेराव, ही मंडळी कोण? तुमच्याकडची?"

"माझी मालकीण हाय ती मधली," हौसेराव घाम पुसत म्हणाला. "बाकीच्या तिच्या मैत्रिनी. मोठं गिऱ्हाईक हाय, नीट बोलायचं."

त्या उन्हाळ्यात मालतीबाईंची खोली परत भरली. जोंधळ्याला दोन कडक उन्हं दिली, थरांमध्ये कडुलिंबाचा पाला घातला. मागून गहू आला, तांदूळ आला. दर रविवारी बायका डबे घेऊन जायच्या आणि आठवड्याचं मोजून आणायच्या. कोपऱ्यावरच्या दुकानात आता फक्त साखर, चहा, साबण. श्रावणापर्यंत अठरापैकी चौदा घरांची उधारी संपली. दुर्गाबाईंनी गॅसची शेगडी घेतली आणि पंधरा दिवस तिला हात लावायला घाबरल्या. मंजुषाचं मशीन दसऱ्याला आलं, जुनंच पण चांगलं, आणि दिवाळीला तिनं सगळ्या रांगेतल्या पोरींचे परकर-पोलकी शिवले. विजयमालानं मुलगी उत्कर्षाच्या नावानं पोस्टात खातं उघडलं. पुस्तक घरी आणलं तेव्हा हौसेरावनं ते देवापुढं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी तंबाखूचे पैसे निम्म्यावर आणून उरलेले तिच्या हातात दिले.

अठ्ठ्याण्णवच्या माघात भिशीतली नावं अठ्ठेचाळीस झाली. घणसोलीच्या बायका आल्या, कोपऱ्यावरच्या दुकानदाराची बायकोही आली, जरा अवघडत. विजयमालानं तिला सतरंजीवर जागा करून दिली.

या वेळी बाजारात जावं लागलं नाही. भाव विचारला जाईल हे कळल्यावर तीन गाळ्यांची माणसं आपण होऊन नमुन्याच्या पिशव्या घेऊन मालतीबाईंच्या दारात आली. बायकांनी पिशव्या ठेवून घेतल्या आणि त्यांना ओटीवर बसवलं. आत तीन चुली पेटल्या. प्रत्येक नमुना वेगळा दळून मळला, भाकऱ्या थापल्या. सुकटीचं कालवण मालतीबाईंचं, ठेचा विजयमालाचा. अठ्ठेचाळीस जणींनी खाऊन पाहिलं. वाद झाला, आवाज चढले, एका नमुन्याची भाकरी चिरते म्हणून ती पिशवी बाद झाली. उरलेल्या दोघांपैकी एकावर हात वर करून निकाल लागला.

बाहेर बसलेल्या माणसांनाही भाकरी वाढली. आपलाच माल ती माणसं कदाचित पहिल्यांदाच खात होती. निवडलेल्या गाळ्याच्या माणसानं खिशातून पेन काढून विचारलं, "मग किती पोती लिहू, ताई?"

"सत्तर," विजयमाला म्हणाली. "आन हितंच आनून द्यायची, तुमच्या गाडीनं. एक-एक पोतं उसवून बघनार आमी. चाललं का?"

"चाललं."

"मग बसा. आता तूरडाळीचं बोलू."