धबधब्याची परीक्षा

आमचा कारखाना म्हणजे घराची मागची खोली. तिथे ह्यांचा नवा माउथ ऑर्गन तयार झाला, की आधी भाऊजींच्या तोंडी जातो. भाऊजी काही उस्ताद नाहीत, पण वाजवताना त्यांच्या तोंडाला इतकं पाणी सुटतं की आम्ही त्यांना धबधबाच म्हणतो. आतली लाकडी चौकट भिजली की फुगते, तिच्या कडा बाहेर येतात आणि वाजवणाऱ्याचे ओठ कापतात. म्हणून धबधब्याखाली तासभर टिकला तरच बाजा पास.

आमच्या लेकीनं यंदा ती चौकट थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकची छापली. पितळी पट्ट्या जुन्याच, वरची झाकणं लाकडाची, पण खिळ्यांऐवजी चुंबकांनी बसवलेली. लाकूड मात्र टाकाऊ तुकड्यांचं, कारण चांगल्या फळीला हे हात लावू देत नव्हते.

"प्लास्टिकला काय जीव असतो?" ह्यांनी नाक मुरडलं. शेवटी ठरलं, बाजा पास झाला तर लेक इथेच स्वतःचे बाजे करणार, नाहीतर दूरच्या कंपनीत नोकरी धरणार. माझा जीव टांगणीला लागला.

परीक्षेला भाऊजी आले, बाजा ओठांना लावला आणि तिथेच अडले. ओठ चिकटले, पुढे सरकेनात.

"पाणी कुठे गेलं तुझं?" ह्यांनी विचारलं.

"सकाळपासून घोटभरही प्यायलो नाही, दादा. वर कोरडे टोस्ट खाल्ले. बाजा फुगला तर पोरगी जाईल ना!"

लबाडी करायची तर जरा अक्कल तरी लावावी माणसानं! लेक रडकुंडीला आली. "काका, माझा बाजा फुगणारच नाही. तुमचासुद्धा विश्वास नाही का?"

हे स्वयंपाकघरात गेले आणि सुरी, लिंबू घेऊन आले. भाऊजींना आधी तांब्याभर पाणी पाजलं. मग त्यांच्या नाकासमोर लिंबू अगदी सावकाश कापलं आणि एक फोड स्वतः चोखली.

"आता वाजव."

धबधबा सुरू झाला. भाऊजींची हनुवटी भिजली, शर्ट भिजला, बाजा वाजतच राहिला.

तासाभरानं ह्यांनी नखानं झाकण उचललं आणि चौकटीवरून अंगठा फिरवला. कडा जशाच्या तशा होत्या. मला वाटलं, आता तरी शाबासकी देतील.

"हे लाकूड कसलं लावलंयस?"

लेकीचा चेहरा पडला. "टाकाऊच आहे, बाबा. तुम्ही दुसरं..."

"लोक म्हणतील, बापानं साधी फळी दिली नाही."

हे स्टुलावर चढले आणि नाशपतीच्या लाकडाची ती फळी खाली काढली. स्वतःच्या शेवटच्या बाज्यासाठी ती त्यांनी इतकी वर्षं जपली होती, मला पुसायलासुद्धा देत नसत. ती त्यांनी प्रिंटरशेजारी ठेवली.

"जपून काप. एवढीच आहे."

लेक त्यांच्या गळ्यातच पडली. हे तोंड फिरवून डोळे पुसायला लागले.

"लिंबू उडालं डोळ्यात," म्हणाले.

उरलेलं लिंबू तर भाऊजींनी बाजा थांबल्याबरोबर सालीसकट संपवलं होतं.