चार पोती वाळू

मित्रांनो, मी एक जुना गोलपोस्ट आहे. माझी कहाणी मी उभ्याउभ्याच सांगून टाकणार आहे, कारण आडवा झाल्यावर ती सांगण्यात काही अर्थ उरणार नाही.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. दोन उभे पाइप, एक आडवा, आणि मागे जाळी ताणायला दोन तिरके. तेव्हा आपल्या लीगमध्ये फक्त पाच संघ होते. त्यामुळे दर रविवारी एक संघ रिकामा बसायचा आणि तोच प्रेक्षक व्हायचा. माझे पाय दोन फूट काँक्रीटमध्ये रोवलेले होते. माझ्यावर चेंडू आदळले, शिव्या आदळल्या, एकदा तर खुद्द गोलकीपर आदळला आणि त्याचा दात पडला. मी जागचा हललो नाही. लोक म्हणायचे, "हा गडी काही हलत नाही बुवा!" मलाही तो माझा स्वभाव वाटायचा. ते काँक्रीट होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मैदानाची देखभाल आबांकडे होती. चुन्याच्या रेघा मारायच्या, फाटलेली जाळी शिवायची, वर्षातून एकदा मला पांढरा रंग द्यायचा. रंग देताना ते माझ्या कानाशी पुटपुटायचे, "म्हातारा झालास रे." स्वतःचं वय ते कधी काढत नसत.

मग नवे संघ येऊ लागले. आधी बेकरीवाले आले. मग हॉस्पिटलमधले वॉर्डबॉय. मग शिक्षकांचा संघ, जो खेळापेक्षा पंचाला नियम समजावून सांगण्यात जास्त दमायचा. संघ आठ झाले. लीगचे सेक्रेटरी विमा कचेरीत नोकरीला होते. त्यांनी सभेत जाहीर केलं, "लीग आता बळकट झाली!" टाळ्या पडल्या. आठ संघांना एक मैदान पुरेना, म्हणून मैदान आडवं दुभागायचं आणि गोलपोस्ट लागेल तिथे सरकवायचे असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी वेल्डर आला.

"खालून कापू?" त्याने विचारलं.

"कापा की," सेक्रेटरी म्हणाले. "वाढत्या लीगला असं करावंच लागतं."

"आणि मग याला धरून काय ठेवणार?"

"आबा आहेत ना!"

अशा रीतीने, मित्रांनो, लीग बळकट झाली आणि मी सुटा झालो. माझ्या मागच्या बाजूला जमिनीलगत एक आडवा पाइप जोडला गेला. दर रविवारी पहिल्या सामन्याआधी आबा त्या पाइपवर वाळूची चार पोती ठेवायचे, मला पुढून दोन्ही हातांनी ओढून बघायचे आणि मगच जाळी बांधायचे.

पण नवे संघ येत राहिले आणि पोती जात राहिली. टायरवाल्यांचा संघ आला, त्यांचं बाकडं डुगडुगत होतं, एक पोतं त्याच्याखाली गेलं. आणखी संघ आले, त्यांची नावं लिहिलेला मोठा फलक वाऱ्याने पडू लागला, दुसरं पोतं तिकडे गेलं. आज चौदा संघांच्या लीगचं उद्घाटन आहे. पाहुण्यांसाठी मांडव घातला आहे आणि सकाळपासून वारा सुटला आहे.

"आबा, ती दोन पोती मांडवाला लावतो हं," सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब, मग हा पुढे पडेल."

"इतकी वर्षं पडला का?"

"इतकी वर्षं वजन होतं त्याला."

"तुम्ही पण ना! अहो, मांडव पडला तर खाली पाहुणे आहेत. याच्याखाली कोण असतं? एक गोलकीपर!"

गोलकीपर सोडून आणखी कोण असतं ते सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं. आबांची आठ वर्षांची नात ठकी हिने एक खेळ शोधून काढला आहे. मागच्या तिरक्या पाइपवरून वर चढायचं, माझ्या आडव्या दांडीला लोंबकळायचं आणि झोके घ्यायचे. पाच संघ असताना मैदानावर दोनच मुलं यायची. चौदा संघांची मुलं किती, हा हिशेब कुठल्याच सभेत झाला नाही.

पोती गेल्यावर आबा माझ्यामागे आले आणि स्वतःच त्या पाइपवर बसले. बेकरीवाल्यांच्या कॅप्टनने पाहिलं.

"काय आबा, गोल मोजताय का?"

"नाही. वजन म्हणून बसलोय."

"तुमचं कसलं आलंय वजन! आमचं खारीचं पोतं जास्त भरेल."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी नातीला हाक मारली. "ठके, आज वर चढायचं नाही."

"नेहमी तर चढते."

"नेहमी पोती असतात."

"आज तुम्ही आहात की, आबा!"

तेवढ्यात माइकवरून आबांच्या सत्काराची घोषणा झाली. आबांनी बसल्याबसल्या नको म्हणून हात हलवला. सेक्रेटरी गहिवरले. "किती हा विनय!" मग मुख्य पाहुणेच उठून इकडे आले. देहाने भरभक्कम. ते आबांच्या शेजारी पाइपवर टेकले, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी बसले, फोटो निघाले. ती चार मिनिटं मी पुन्हा काँक्रीटमध्ये असल्यासारखा उभा होतो.

मग सगळे उठले.

"चला आबा, पुष्पगुच्छ मंचावर आहे."

"आधी दोन पोती द्या, साहेब, मग येतो."

"उद्या चार नवी आणू! पाहुण्यांना उशीर होतोय."

पाहुण्यांनी प्रेमाने त्यांना दंडाला धरून उठवलं. आबा मागे वळून "ठके, नको!" असं ओरडले, पण बँड सुरू झाला होता.

मित्रांनो, आत्ता माझ्या दांडीला पाच जण आहेत. ठकी मधोमध आहे. झोका पुढे गेला की माझा मागचा पाइप जमिनीपासून बोटभर उचलला जातो आणि परत टेकतो. तिकडे आबांनी पुष्पगुच्छ मंचावरच टाकला आहे आणि ते पळत निघाले आहेत. सत्तरीच्या माणसाला अख्खं मैदान ओलांडायचं आहे. सेक्रेटरी माइकवर म्हणताहेत, "बघा, या वयातही काय हा उत्साह!"

अशा कहाणीच्या शेवटी वस्तूंची काळजी घ्या असं सांगतात. माझी काळजी राहू द्या. झोके थांबवा. पुढे उडी मारू नका. चढलात तसेच मागच्या पाइपवरून, एकेक करून उतरा.

ठके, तू आधी.