आडवी भोकं

"नळी झिजलीय तिची. सोमवारी कापायला देतो," दादा म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. बाबांची रायफल होती ती, मोडकी छत्री नव्हे.

"बाबांच्या शेवटच्या वर्षीचे कागद बघितलेस?" त्याने निशाण्याच्या कागदांचा गठ्ठा पुढे केला. "भोकं बघ. गोल नाहीत, आडवी आहेत. गोळी वाटेतच कोलांट्या खातेय."

बाबा बंदुका दुरुस्त करायचे. नेमबाजीच्या रेंजमागची त्यांची खोली, तिथला तेलाचा वास, सगळं ते गेल्यावरही तसंच होतं. नळीवर कोरलेल्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसायचा. गजाला चिंधी घट्ट गुंडाळून ते नळीत सारायचे. आतल्या मळसूत्री खाचांबरोबर गज फिरायचा आणि एक पूर्ण फेरा किती इंचांत झाला ते बाबा मोजायचे. "लांब गोळीला जोरात गिरकी लागते, आखूड गोळीचं सावकाश भागतं. गोळी नळीला विचारून घ्यावी, बाई. दुकानदाराला नाही."

हे मी शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा जांभई दिली होती.

मग त्यांच्या सत्तरीला मी काय आणावं? लांब, जड, देखण्या गोळ्यांचा डबा. दुकानदार म्हणाला, याच सगळ्यात भारी. बाबांनी एक गोळी बोटांत धरून बराच वेळ पाहिली. "झकास," म्हणाले. त्यानंतर वर्षभर त्यांनी काडतुसात दुसरी गोळी भरली नाही आणि वर्षभर त्यांचा नेम चुकत राहिला. "हात थरथरतो आता," असं सगळ्यांना हसत सांगायचे. डबा संपला तशी रायफल कपाटात गेली.

मी गज उचलला, चिंधी गुंडाळली. दादा कंटाळून बघत होता. बारा इंचांत एक फेरा. अगदी सावकाश नळी, आखूड गोळीची.

खणात त्यांची जुनी आखूड गोळ्यांची काडतुसं सापडली. दादाने पाच झाडली. पाचही भोकं गोल, आणि एका बटणाखाली झाकतील इतकी जवळ.

"नळी ठणठणीत आहे," दादा पुटपुटला. मग त्याने गठ्ठ्याकडे पाहिलं. "पण हात थरथरला तर भोक बाजूला जातं गं. आडवं कसं होईल?"

बाबांना हे पहिल्याच भोकाला कळलं असणार.

प्रत्येक कागदामागे टिपण ठेवायची त्यांची सवय होती. मी कागद उलटले. वर्षभर, प्रत्येक कागदावर तेच अक्षर, तीच ओळ: "वारा नाही. उजेड चांगला. गोळी लेकीची. चूक हाताची."

मी बाकावर बसून ढसाढसा रडले. दादाने रायफल पुसली आणि पुन्हा बाबांच्या कपाटात ठेवली.