बकारामची नाव

बकारामची बायको शामकला डोक्यावरचा पदर पुढे ओढून दारातच उभी राहिली. भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ती जावेला, देवकाबाईला, सांगत होती. पण ऐकायचं होतं सुकरामने. बकाराम तीन दिवस तापाने फणफणला होता. आज तिरोड्याचा बाजार, घाटावर माणसं खोळंबलेली. उद्यापासून ठेकेदाराची नवी लोखंडी नाव लागणार होती. तेव्हा जुन्या नावेची ही शेवटची खेप थोरल्या भावाने मारावी, एवढंच तिचं म्हणणं.

सुकरामने विणायला घेतलेलं जाळं बाजूला सारलं आणि उठला. या बोलावण्याची तो बावीस वर्षं वाट पाहत होता.

मरताना बापाने धाकट्याच्या हाती नाव दिली आणि थोरल्याला जाळी. असं का, ते सांगितलं नाही. तेव्हापासून वैनगंगेच्या दोन्ही काठांवर बकारामचंच नाव. पोरगी सासरी निघाली तरी बकाराम, वैद्याकडे कुणाला न्यायचं तरी बकाराम. धान निघालं की त्याच्या घरी सूपभर पोचायचं. सुकरामची मासळी मात्र लोक घासाघीस करून घ्यायचे. कुणी भावाला रामराम केला तरी सुकराम तोंड फिरवायचा. शेवटी गेल्या पौषात घाटाचा नवा ठेकेदार दुलीचंद नाव पाहायला आला, तेव्हा सुकरामने कुणी विचारलं नसताना तळाची सडकी फळी टोकरून दाखवली होती. त्यावरूनच नवी लोखंडी नाव ठरली.

नावेत सतरा माणसं बसली. वल्हं हातात आलं तसा सुकराम ताठ झाला. तेवढ्यात म्हातारी शांतीबाई म्हणाली, "बकाराम पयले वरच्या अंगाले घेते, मंग सोडते."

मागून गोवर्धन नावाच्या शेतकऱ्यानेही तेच सांगितलं: आधी प्रवाहाच्या वर चढायचं, मग धारेने खाली यायचं, म्हणजे खडक चुकतो. सुकरामच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने मुद्दाम नाव सरळ घातली.

मधल्या धारेत तळाला खडक घासला. सडकी फळी फाकली आणि पाणी आत आलं. बाया लेकरांना छातीशी धरून उठू लागल्या, तसं त्याने सगळ्यांना दरडावून खाली बसवलं. खांद्यावरचा दुपट्टा फटीत कोंबून त्यावर टाच रोवली. गोवर्धन घमेल्याने पाणी उपसत राहिला आणि सुकराम एका पायावर भार देऊन वल्हं मारत राहिला. नाव काठाला लागेपर्यंत त्याने टाच उचलली नाही.

शांतीबाई सगळ्यात शेवटी उतरली. नावेच्या टोकाला हात लावून तिने तो कपाळाला नेला. मग ओच्यातून लाखोळीच्या डाळीची पुरचुंडी काढून सुकरामच्या हातावर ठेवली.

"बकारामले देजो," ती म्हणाली.

दुपट्ट्याचा बोळा पुन्हा घट्ट ठोकून त्याने रिकामी नाव कशीबशी अलीकडे आणली. भावाच्या घरी गेला, पुरचुंडी शामकलेपुढे ठेवली आणि खाटेशी उकिडवा बसला. बकारामने डोळे उघडून नाव कशी चालली ते विचारलं.

"फळी गेली," सुकराम म्हणाला. "मीच सरळ घातली." त्याने टाचेवरचा चिखल बोटाने पुसला. "दुलीचंदलेबी मीच दाखवली होती."

"मालूम हाय," बकाराम म्हणाला. "सडलीच तं होती."

शामकलेने पाण्याचा गडवा आणून दिला. बकारामने दोन घोट घेतले आणि कूस बदलली.

"उन्हात नको ठेवजो तिले," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "फळ्या उकलतेत."

सुकराम घाटावर परतला. नाव झाडाखाली ओढायला चार माणसं लागली असती, आणि बाजाराच्या दिवशी तिथे कुणी नव्हतं. जवळच्या धानाच्या बांधीतून त्याने तणसाचे पेंढे आणले, नदीत बुडवले आणि टोकापासून एकेका फळीवर पसरू लागला.

पलीकडून कुणीतरी बकारामच्या नावाने हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली.

सुकरामने ओ दिली. आज नाव नाही, उद्या या, असं ओरडून सांगितलं आणि उरलेला पेंढा पाण्यात बुडवायला खाली वाकला.