दुसऱ्याच्या वायरी

मी पॉवर सप्लाय बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. भिंतीतली वीज घ्यायची, यंत्राला सोसेल अशी करायची आणि पुढे द्यायची, एवढंच माझं काम. माझे भाऊबंद चांगले विटेएवढे दांडगे असतात. मी त्यांच्या निम्मा. पण बुटका म्हणून हसायचं नाही हं, अंगात दम आहे!

दुकानातल्या कपाटात मी बरेच दिवस पडून होतो. गिऱ्हाइकं मला उचलायची, "एवढुसाच?" म्हणायची आणि परत ठेवायची. मग एक दिवस आजोबा आले. जन्मभर फ्रिज दुरुस्त केलेला माणूस. बिघडलेली वस्तू दिसली की उघडल्याशिवाय त्यांना चैन नाही, म्हणून सगळी गल्ली त्यांना खटपटे म्हणायची.

त्यांनी खिशातून टेप काढून मला आडवंउभं मोजलं.

"काका, मोठा घ्या की," दुकानदार म्हणाला. "पुढेमागे उपयोगी पडेल."

"अहो, दोन तर डिस्क आहेत माझ्या! सुरू होताना जरा जास्त वीज ओढतात, तेवढं याला सहज झेपेल. उरलेल्या विजेचं काय लोणचं घालू? लावून दाखवा, आवाज किती करतो बघू दे."

दुकानदाराने मला जोडलं. आजोबांनी माझ्या पंख्याला कान लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! चालू आहे की नाही तेच कळत नाही." त्या दिवशीची माझी ऐट काय विचारता!

आवाजाचं एवढं का, ते घरी गेल्यावर कळलं. आजी बालवाडीच्या बाई होत्या. गोष्ट सांगताना त्यांचा कोल्हा वेगळा बोलायचा, म्हातारी वेगळी बोलायची. मग घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा आजोबांनी शेजाऱ्याचा रेकॉर्डर मागून आणला आणि आजींकडून जमतील तेवढ्या गोष्टी सांगून घेतल्या. लेकीला दिवस गेले होते. त्या येणाऱ्या बाळासाठी हा सगळा खटाटोप. गोष्टीच्या मध्येच खोकल्याची उबळ, मध्येच "अहो, दूध बघा, उतू जाईल!" तेही तसंच राहू दिलं होतं.

हे सगळं होतं घरातल्या साठवणीच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे बैठकीच्या फडताळात ठेवलेल्या एका काळ्या पेटीत. दोन डिस्क, दोन्हींवर तेच. "एक गेली तरी दुसरी आहे," म्हणून आजोबा निर्धास्त होते. रेकॉर्डर पुसून त्यांनी केव्हाच परत देऊन टाकला होता.

बाळ आलं, ती नात. तिची आई कामाला गेली की ती दिवसभर इथेच. आजीच्या मांडीवर बसून पेटीतल्या आजीची गोष्ट ऐकायची. पण पेटीतला जुना पॉवर सप्लाय सारखा घरघरायचा. गोष्टीतली म्हातारी कुजबुजायला लागली, की काही ऐकू यायचं नाही. "आजोबा, ते घर्र बंद कर ना!" म्हणून ती कातावायची. त्यासाठी माझी निवड झाली होती. आजींचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून मला आणलं होतं हो!

मला बसवायला आजोबांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच पेटी उघडली. माझ्या वायरी माझ्याबरोबर पिशवीत होत्या, पण मी लहान, तशा त्याही आखूड. वरच्या डिस्कपर्यंत ताणून पोचत होत्या. जुन्याच्या वायरी मात्र ऐसपैस, आजोबांनी स्वतः नीट बांधून बसवलेल्या. "या आहेत की चांगल्या," असं म्हणून त्यांनी वायरी जागच्या जागी ठेवून जुना पॉवर सप्लाय तेवढा काढला आणि त्याच वायरींची टोकं माझ्यात खुपसली. टोक टक्कन बसलं.

मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. अहो आजोबा, थांबा! खाच सारखी असली तरी आतल्या तारांचा क्रम प्रत्येकाचा निराळा असतो. जिथे पाच व्होल्ट जायला हवेत, तिथे माझे बारा जातील! पण माझं कोण ऐकणार? त्यांनी बटण दाबलं.

चट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. मी लगेच स्वतःला बंद केलं, माझी घडणच तशी. पण तोवर होत्याचं नव्हतं झालं होतं. दोन्ही डिस्क एकदमच गेल्या.

बिघडलेल्या डिस्कमधलं परत काढून देणाऱ्या कारागिराकडे आजोबा धावले. त्याने बोर्ड बदलून पाहिले, आणखी काय काय केलं आणि शेवटी सांगितलं, "आजोबा, आतलं वाचणारं डोकंच जळलंय. माझ्या हातात काही नाही." आजोबा घरी आले ते बूट न काढताच आजींसमोर बसले.

"अगं, गेलं सगळं. मीच घालवलं."

आजींनी आधी त्यांच्या खांद्यावर एक बुक्की मारली, मग दुसरी. मग त्याच खांद्यावर डोकं टेकून रडल्या. रडतानाही त्यांना आवाज नव्हता. माझ्या हातून गेलं म्हणावं, तर मी फक्त मागितली तिथे वीज दिली होती. तरी काळीज फाटतं हो.

आता मला माझ्याच आखूड वायरी लावल्यात. डिस्क नव्या आहेत. त्यांवर लेकीने पाठवलेले थोडे फोटो आहेत, बाकी सगळं रिकामं. मी त्यांना इमानाने वीज देतो. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर हात जोडून सांगतो, त्याला त्याच्याच वायरी लावा. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा.

काल नात गोष्टीसाठी हटून बसली. आजींनी पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि आजोबा वाचू लागले. वाचतात कसले, फ्रिजची गॅरंटी समजावून सांगावी तसं!

"असं नाही, आजोबा! आजीची म्हातारी असं नाही बोलत."

"मग कसं बोलते? तू करून दाखव बरं."

नातीने तोंड उघडलं. आजी पुढे सरकल्या. तिने एकदा आजींकडे, एकदा माझ्या पेटीकडे बघितलं.

"मला आठवतच नाही," ती म्हणाली आणि खेळायला निघून गेली.